सात लाल रेघांचा कागद

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकून ज्यावर कॅलेंडर लटकवतात तसला नव्हे. माझं सगळं आयुष्य टेबलावर गेलं. खाली वाटीच्या बुडाएवढी पितळी बैठक आणि तिच्या मधोमध टोक वर करून उभा असलेला मी, वीतभर उंचीचा. किराणा दुकानात बिलं टोचून ठेवायला असतो ना, अगदी तसाच. फक्त माझ्यावर बिलं टोचत नाहीत. मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत असतो आणि माझ्यावर न छापलेल्या बातम्या टोचतात.

हे काही मिरवून सांगण्यासारखं काम नाही, ते मला ठाऊक आहे. पण अंगावर फार साठलं आहे, म्हणून सांगतो. बोलण्यात चिडचिड दिसली तर राग मानू नका. चाळीस वर्षं ज्याच्या अंगावर फक्त नकोसे कागद चढले, त्यानं गोड बोलायचं तरी कुठून?

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. चिमाजी तांबट नावाच्या कारागिरानं एका फुटक्या हंड्याच्या बुडातून माझी बैठक कापली, ठोकून ठोकून गोल केली आणि पोलादी सळईचा तुकडा घासून मला टोक काढलं. त्याच्या दुकानात घागरी होत्या, समया होत्या, पूजेची ताम्हनं होती. ती सगळी देवाधर्माच्या घरी गेली. मला आमच्या दैनिकाचे पहिले संपादक घेऊन गेले. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर कचेरी होती. खाली छापखाना धडधडायचा आणि वर मी टेबलावर थरथरायचो.

ते दिवस बरे होते. माझ्यावर तेव्हा खरोखरच टाकाऊ माल यायचा. कुणाच्या पुतण्याच्या कविता, कुणाच्या वाढदिवसाचं कौतुक, शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून त्याच्याविरुद्ध खरडलेलं निनावी पत्र. पहिले संपादक पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "हा आमचा दारवान. खोटी बातमी याच्यापुढं जात नाही." मला केवढा अभिमान वाटायचा! झाडलोट करणाऱ्या सखुबाई दसऱ्याच्या आधी माझी बैठक चिंचेनं घासून लख्ख करायच्या. मीही टोक ताठ ठेवून उभा राहायचो.

मग रवीची गोष्ट घडली आणि माझं काम बदललं.

रवी आमचा क्रीडा वार्ताहर. तरणाबांड, हातात सदा वही. जिल्ह्याच्या क्रिकेट संघात मुलं धावा बघून नव्हे तर बापाचं नाव बघून घेतली जातात, अशी बातमी त्यानं दिली. बातमी खरी होती. त्याच्याकडे प्रत्येक सामन्याचं धावफलक पुस्तक होतं. निवड समितीवरच्या एका बड्या माणसानं खुलासा पाठवला नाही, पुरावा मागितला नाही. त्यानं सरळ अब्रुनुकसानीचा खटला भरला. कुठं? तर नांदगावच्या कोर्टात, कारण तिथल्या त्याच्या मेहुण्यानं पेपर वाचला होता. आरोपी कोण कोण? रवी, संपादक, प्रकाशक, मुद्रक आणि पान लावणारे उपसंपादक धोंडीराम.

नऊ वर्षं, मित्रांनो! दर महिना-दोन महिन्यांनी रवी आणि धोंडीराम पहाटेची एसटी पकडून नांदगावला जायचे आणि संध्याकाळी तोंडं सुकवून परत यायचे. आज फिर्यादी आला नाही, आज त्यांचे वकील आजारी, आज कोर्टाला वेळ नाही. शेवटी फिर्यादीच यायचा बंद झाला आणि खटला निकाली निघाला. रवी खोटा ठरला नाही. पण खरा ठरवायलाही कुणी शिल्लक नव्हतं. तोवर त्यानं पत्रकारिता सोडून सातपूरला पिठाची गिरणी टाकली होती. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथं तर शहाण्याला ओढून नऊ वर्षं त्याच पायरीवर बसवलं.

पुढं धोंडीराम संपादक झाले. कचेरीत सगळे त्यांना साहेब म्हणतात. माणूस वाईट नाही. पण दुधानं तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून प्यायला लागले. त्यांनी एक रीत घातली. ज्या बातमीत कुणावर आरोप असेल ती छापील कागदावर काढायची, कचेरीच्या सविता वकिलांना दाखवायची, त्यांनी लाल पेनानं खुणा करायच्या, आणि जमत नसेल तर ती माझ्यावर टोचायची. आता सगळं काम संगणकावर होतं, तरी ही रीत कागदावरच राहिली. साहेब म्हणतात, "पडद्यावरची बातमी चुकून पानात जाते. खिळ्यावरची जात नाही."

खरं आहे. माझ्यावरून आजवर कुठलीच बातमी पानात गेलेली नाही.

एक गंमत सांगतो. खून, दरोडे, लाचखोरी यांचे कागद माझ्यावर फारसे येत नाहीत. पोलिसांत गुन्हा नोंदलेला असतो, कोर्टात कागद दाखल असतो, त्याचा आधार देऊन छापता येतं. पण मैदानावरची भानगड पोलिसांत जातच नाही. ती संघटनेच्या बैठकीत चहा पिऊन मिटते. कागदच नाही, म्हणून आधार नाही. आधार नाही, म्हणून नाव नाही. माझ्या अंगावरचे निम्मे कागद खेळाचे आहेत, यावरून काय ते समजा.

आता आशाची गोष्ट ऐका. हिच्यासाठीच मी एवढा वेळ तुमचा घेतला.

आशा सुरगाण्याच्या पुढची, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावरची. आई भागीबाई नागली आणि भात पिकवते, दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला उतरते. आशा दहा हजार मीटर धावायची. लखन सर नावाचे जिल्हा परिषद शाळेतले एक मास्तर मोटारसायकलवर पाड्यापाड्यांत फिरून मुलांना फुकट धावायला शिकवायचे. त्यांनीच तिला अनवाणी पळताना हेरलं आणि घाटाच्या रस्त्यावर तयार केलं. ती राज्यात पहिली आल्यावर मात्र शहरातल्या एका मोठ्या अकादमीची जीप पाड्यावर आली आणि तिला घेऊन गेली. वसतिगृह, बूट, दूध, अंडी, सगळं देतो म्हणाले.

त्या अकादमीच्या प्रमुखांना आमच्या कचेरीत 'अमुक सर' म्हणतात. का, ते पुढं कळेल.

यंदा जुलैत यादी आली. उत्तेजक द्रव्यं तपासणाऱ्या संस्थेनं ती आपल्या संकेतस्थळावर टाकली होती. त्यात आशाचं पूर्ण नाव, खेळ, सापडलेलं द्रव्य आणि चार वर्षांची बंदी. सविता वकिलांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "हे अधिकृत आहे. बिनधास्त छापा." मी बाजूलाच होतो. तो कागद माझ्याकडे आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटोसकट मथळा होता: नाशिकची आशा उत्तेजक चाचणीत दोषी.

एकोणीस वर्षांच्या मुलीचं नाव छापायला कुणाला भीती वाटली नाही. तिच्याकडे वकील नव्हता ना!

आमची आताची क्रीडा वार्ताहर अंजली. ती त्या बातमीवर थांबली नाही. ती सुरगाण्याला गेली, पाड्यावर राहिली आणि आठवड्यानं दोन पानी बातमी घेऊन आली. आशानं तिला सगळं सांगितलं होतं. शर्यतीच्या आधी तीन आठवडे अमुक सर स्वतः तिला ताकदीचं इंजेक्शन म्हणून सुई टोचत होते. औषध कसलं, असं तिनं एकदाच विचारलं. "धावायचं असेल तर दंड पुढं कर," एवढंच उत्तर मिळालं. अकादमीतल्या आणखी दोन मुलींनी तेच सांगितलं, पण नाव घालू नका म्हणाल्या. एक रिकामी कुपी होती. फोनवर आलेला आवाजी निरोप होता, त्यात अमुक सर म्हणत होते, "घरी कुणाला बोलू नकोस, सगळे घेतात."

समोरच्याची बाजू विचारायची ही आमच्या धंद्याची चांगली रीत. अंजलीनं अमुक सरांना फोन करून त्यांचं म्हणणं विचारलं. म्हणणं आलं नाही. दोन तासांत वकिलाची नोटीस आली. बातमी अजून छापलीही नव्हती! त्यात मोठ्या रकमेची भरपाई आणि फौजदारी खटला अशा दोन्ही धमक्या होत्या. साहेबांनी ती दोनदा वाचली. मग दार लावून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आजपासून या माणसाचं नाव कचेरीत मोठ्यानं कुणी घ्यायचं नाही." त्या दिवसापासून ते अमुक सर झाले.

सविता वकील आल्या. लाल पेन काढलं. बातमीत अमुक सरांचं नाव सात ठिकाणी होतं. त्यांनी सातही ठिकाणी जाड रेघ मारली, एवढी जाड की खालचं अक्षर दिसू नये.

अंजली म्हणाली, "ताई, हे सगळं खरं आहे."

"मला माहीत आहे खरं आहे ते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "कायदा खरं बोलू नको म्हणत नाही, अंजली. कायदा म्हणतो, खरं आहे हे तू दाखव, आणि लोकांच्या भल्यासाठी बोललीस हेही दाखव. कुपीवर त्याचं नाव आहे का? दोन मुली साक्षीला येतील का? आवाज त्याचाच हे ठरायला किती वर्षं जातील? रवीला विचार."

"मग काय केलं म्हणजे छापता येईल?"

"पोलिसांत तक्रार होऊ दे. तक्रारीत असं म्हटलं आहे, एवढं लिहायला आधार मिळेल."

अंजली आशाला घेऊन पोलिसांकडे गेली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, "खेळाचं प्रकरण आहे, संघटनेकडे जा. आणि एवढं मोठं असतं तर पेपरात नसतं का आलं?"

ऐकलंत? पोलीस म्हणतात पेपरात येऊ द्या, पेपर म्हणतो पोलिसांत जाऊ द्या. दोघांच्या मध्ये ती पोर चपला झिजवत उभी. मी लोखंडाचा आहे, पण त्या दिवशी माझंसुद्धा डोकं फिरलं.

दोन पानी बातमी माझ्यावर टोचली गेली. साहेबांनीच टोचली. पण मनाला लागलं असावं, कारण टोचून झाल्यावर ते म्हणाले, "अगदीच काही नाही असं नको. नाव न घालता छोटी बातमी देऊ."

अंजलीनं लिहिलं, 'शहरातील एका नामांकित अकादमीचे प्रमुख'. सविता वकिलांनी खोडलं. अशा अकादम्या शहरात आहेत किती, लगेच ओळखू येईल. मग साहेबांनी स्वतः पेन घेतलं. खूप विचार करून, शब्दाला शब्द लावून त्यांनी वाक्य तयार केलं: 'आदिवासी पाड्यांवरील मुलींना धावण्याचे धडे देणाऱ्या एका प्रशिक्षकाने इंजेक्शने दिल्याचा आरोप होत आहे.' सविता वकिलांनी मान डोलावली. यात कुणी ओळखू येत नव्हतं. साहेब खूश झाले. बातमी पाचव्या पानावर छापून आली.

त्या टेबलाभोवती तीन शहाणी माणसं होती. एकाच्याही डोक्यात आलं नाही की अमुक सर कधी पाड्यावर धडे द्यायला जातच नाहीत. ते तयार पोर उचलून आणतात. पाड्यांवर जाऊन शिकवणारा प्रशिक्षक सगळ्या सुरगाणा तालुक्याला एकच माहीत होता.

नाव न छापता चुकीच्या माणसाचं नाव घेण्याची ही करामत फक्त घाबरलेल्या कचेरीलाच जमते.

ऑगस्टच्या अखेरीस क्रीडा दिन आला. शहरात मोठा समारंभ झाला आणि अमुक सरांना आदर्श मार्गदर्शक म्हणून शाल-श्रीफळ मिळालं. आमच्या दैनिकात चार रकानी फोटो आला, खाली त्यांचं पूर्ण नाव. तो मजकूर कुणी सविता वकिलांना दाखवला नाही. स्तुतीला वकील लागत नाही ना! मी टेबलावरून तो फोटो पाहत होतो. माझ्या अंगावरच्या कागदात त्याच नावावर सात लाल रेघा होत्या आणि शेजारी पडलेल्या पेपरात तेच नाव ठळक अक्षरात चमकत होतं.

सप्टेंबरात एका दुपारी लखन सर कचेरीत आले. अंगानं किडकिडीत, पँटला सायकलची क्लिप लावावी तशी दुमड, पायात धावायचे जुने बूट. हातात आमचाच पेपर, पाचवं पान वर करून घडी घातलेला. साहेबांसमोर ते बसले नाहीत.

"साहेब, एक विचारायचं होतं. यात माझं नाव आहे का?"

साहेबांनी पेपर हातात घेतला. "नाही हो. कुणाचंच नाव नाही. आम्ही काळजीच घेतली होती."

"माझ्याकडे एकोणीस पोरं होती. आता दोन आहेत." लखन सर शांतपणे सांगत होते, म्हणून ऐकवत नव्हतं. "एका पाड्यावर बायांनी गाडीसमोर येऊन सांगितलं, मास्तर, पुन्हा इकडं येऊ नका. शाळेत चौकशीचा कागद आलाय. मी लोकांना सांगतो, तो मी नव्हे. ते म्हणतात, मग दुसरा कोण येतो इथं शिकवायला?"

साहेब पाचवं पान पुन्हा वाचू लागले.

"तुम्ही खुलासा छापा. तो प्रशिक्षक मी नाही, एवढंच."

"छापला असता," साहेब म्हणाले, "पण तुम्ही नाही असं लिहिलं की उरलं कोण, ते लोक विचारणार. मग पुन्हा तिकडून नोटीस."

"मग मी पाठवू का नोटीस?"

साहेब खाली बघत म्हणाले, "तुमचं नावच नाही त्यात. ती नोटीस टिकायची नाही."

म्हणजे ज्यानं केलं त्याची अब्रू कायद्यानं झाकली, आणि ज्यानं केलं नाही त्याची गेली तरी ती गेल्याचा पुरावा नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि सुळीसारखा उभा कोण, तर मी! त्या दिवशी मला माझ्या टोकाची शरम वाटली. पहिले संपादक मला दारवान म्हणायचे. कसला दारवान? चोराच्या घराबाहेर उभा असलेला दारवान.

लखन सरांनी पेपरची घडी नीट केली, टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेले. साहेबांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

चार दिवसांनी भागीबाई आली. सोबत आशा होती आणि जिना दाखवायला अंजली. भागीबाई बुटकी, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर पदर. ती साहेबांसमोरच्या खुर्चीत सरळ बसली.

"तुमी आमच्या पोरीचं नाव छापलं, ते आमी वाचून घेतलं," ती म्हणाली. "त्याचं नाव कवा छापनार?"

"बाई, पुरावा लागतो."

"पोरीच्या नावाला नाय लागला?"

"ते संस्थेनं जाहीर केलं होतं."

"मंग त्याचं कोन जाहीर करनार?"

साहेबांनी पाणी मागवलं. भागीबाईनं पाण्याकडे बघितलंही नाही. "आमच्या पोरीनं सुई घेतली, ती चुकली. तिला चार वर्सं बंदी झाली, ती भोगंल. पन लखन मास्तर आमच्या दारात येऊन माती तुडवून गेला, चा सुदिक मागितला नाय कधी. त्याचं नाव बुडवलंत तुमी. आता वाटंनं जाताना मला त्याच्या डोळ्याला डोळा देववत नाय."

मग आशा पुढं झाली. ती म्हणाली, "साहेब, मी अंजलीताईंना सगळं लिहून दिलं होतं. ते कुठंय?"

अंजलीनं माझ्याकडे बोट केलं.

मित्रांनो, चाळीस वर्षांत लोक माझ्याकडे कागद टोचायलाच आले. भागीबाई उठली, माझ्याजवळ आली, वरचे कागद एका हातानं उचलून धरले आणि आशाच्या बातमीची दोन पानं हळूच वर ओढून काढली. फाटू नयेत म्हणून तिनं जपून ओढली, वेलीवरची शेंग तोडावी तशी. माझ्या अंगावरून कागद परत गेला तो तेवढाच, पहिला आणि अजून तरी शेवटचा.

"बाई, तो कचेरीचा कागद आहे," साहेब म्हणाले.

"कागद तुमचा, पोर माझी," भागीबाई म्हणाली. तिनं पानांची घडी कमरेला खोचली आणि निघाली. साहेबांनी उठून अडवलं असतं तर अडवता आलं असतं. ते उठले नाहीत. एवढं एक काम त्यांनी चांगलं केलं असं मी म्हणेन.

पुढचं मी पाहिलेलं नाही. अंजली तिथं होती आणि तिनं परत येऊन साहेबांना सांगितलं, ते मी ऐकलं.

दोन ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते. भाताच्या कापणीला अजून अवकाश होता, लोक कामाला उतरले नव्हते, म्हणून सगळं गाव शाळेच्या पटांगणात होतं. शेजारच्या पाड्यांवरची माणसंही भागीबाईनं निरोप धाडून बोलावली होती. लखन सर मागं, झाडाखाली, मान घालून उभे होते. रस्ता, पाणी, घरकुलं असे विषय झाले. मग भागीबाई उठली, कमरेची घडी काढली आणि ग्रामसेवकाच्या हातात दिली. "हे वाचा. मोठ्यानं वाचा."

ग्रामसेवकानं वाचायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि तो अडला.

"इथं लाल रेघ मारलीय. नाव दिसत नाही."

"तितं मी सांगते," भागीबाई म्हणाली, आणि तिनं नाव सांगितलं. पूर्ण, अकादमीच्या पाटीसकट.

ग्रामसेवक दचकला. तरी पुढं वाचू लागला. दुसरी रेघ आली. त्यानं भागीबाईकडे बघितलं. तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्या रेघेला आशाही आईबरोबर बोलली. चौथ्या रेघेला मागच्या बाया बोलल्या, ज्यांनी मास्तरांची गाडी अडवली होती त्यांतल्याही काही. सातवी रेघ येईपर्यंत ग्रामसेवक नुसता थांबायचा आणि सगळं पटांगण ते नाव घ्यायचं.

मग ठराव लिहायची वेळ आली. ग्रामसेवकानं वहीत लिहिलं, 'संबंधित प्रशिक्षकाकडे'. बघा, हा रोग किती दूरवर पोचलाय! भिका नावाचा म्हातारा पुढं आला आणि वहीत डोकावून म्हणाला, "काय लिवलं ते वाच." त्यानं वाचलं. "संबंदित कोन? नाव लिव. आमी समदे आंगठं देतो खाली." ग्रामसेवकानं घाम पुसला आणि नाव लिहिलं. गावातली एकही पोर त्या अकादमीत पाठवायची नाही आणि लखन सरांचा वर्ग शाळेच्या पटांगणात चालू ठेवायचा, असा ठराव झाला. खाली एकशे बारा सह्या आणि अंगठे पडले.

अंजलीनं हे सगळं लिहून आणलं. सोबत ठरावाची नक्कल, शिक्क्यासह. "साहेब, आता आधार आहे. कागद आहे!" ती म्हणाली.

सविता वकिलांनी नक्कल तीनदा वाचली. कोर्टातलं कामकाज छापायला कायद्याचं संरक्षण आहे, ग्रामसभेतलं बोलणं जसंच्या तसं छापायला ते मिळेल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी लाल पेन हातात धरून ठेवलं, टोपण काढलं, परत लावलं. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. शेवटी सहाव्या पानावर चार ओळी आल्या: 'मुलींच्या प्रशिक्षणाबाबत ग्रामसभेचा ठराव'. लखन सरांचं नाव त्यात होतं, चांगल्या शब्दांत. तेवढं साहेबांनी हट्टानं घातलं. दुसरं नाव नव्हतं. अंजलीची ग्रामसभेची मूळ बातमी माझ्यावर आली, भागीबाईनं मोकळ्या केलेल्या जागी. जागासुद्धा चार दिवस रिकामी राहू दिली नाही त्यांनी.

लखन सरांची अकरा पोरं परत आली. सहा आली नाहीत. छापलेलं एक वाक्य पुसायला एकशे बारा अंगठे लागले आणि तरी ते पुरतं पुसलं गेलं नाही. आशाची बंदी कायम आहे. ती घाटाच्या रस्त्यावर एकटीच धावते, कारण बंदी असताना इतरांबरोबर सराव करता येत नाही. दिवाळीआधी अकादमीची जीप नवी पोर न्यायला पाड्यावर गेली होती, ती रिकामी परतली. मग भागीबाईला नोटीस आली. गावात नाव घेऊन बदनामी केली, असं तीत होतं. तिनं अंजलीला फोन करून तारीख कधी ते विचारलं. "एकटी नाय येनार म्हनावं," ती म्हणाली. "सात येळा नाव समद्यांनी घेतलंय. समदेच येऊ."

फोन स्पीकरवर होता. साहेबांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

मित्रांनो, माझी बैठक आता काळी पडली आहे. सखुबाई गेल्या, चिंच लावणारं कुणी नाही. इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, सांभाळा, अडगळीत टाकू नका. मला ते काही नको. मला गंज चढू द्या. तुमच्यापैकी कुणी उद्या अशा टेबलामागं बसलं, तर एवढंच करा. कागद माझ्यावर टोचण्याआधी तो एकदा मोठ्यानं वाचा. एखादं नाव खोडलंत तर त्या खोडलेल्या जागी लोक कुणाला उभं करतील, तेही विचारा. भीती वाटली तर वाटू द्या, रवीची नऊ वर्षं मी पाहिली आहेत, तुम्हाला भित्रे म्हणणार नाही. पण भीती तुमची आणि शिक्षा लखन सरांना, असं करू नका. मला रिकामं ठेवा.

आणि माझ्यावर खटला भरायचा तर खुशाल भरा. मी जुना खिळा आहे, तारखेला कुठंही नेऊन ठेवलंत तरी उभाच राहीन. अमुक सरांचं नाव किशोर.